एकतीस सेंट

आधी हात बघा. तुमचेच आहेत, पण ओळखू यायचे नाहीत. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतलेली, तळव्यांना भेगा, उजव्या मनगटावर इस्त्रीचा चटका बसल्याचा जुना डाग. राखेच्या खाराचा साबण वर्षानुवर्षं वापरला की हात असेच होतात. एरवी तुम्ही पुरुष असलात, तरी आज बाई आहात. पस्तिशीच्या, काळ्या, लोकांची धुणी धुऊन पोट भरणाऱ्या. मनातल्या मनात मराठीत बोललात तर चालेल, इथे कोणाला ऐकू जाणार नाही.

गाव रिचमंड, राज्य व्हर्जिनिया, तारीख २ नोव्हेंबर १९०३, वार सोमवार. सोमवारी धुणी गोळा करायची. गोऱ्यांच्या घरी मागच्या दाराने जायचं, गाठोडं उचलायचं, घरी आणून लोखंडी हंड्यात उकळायचं, चोळायचं, पिळायचं, नीळ द्यायची, खळ घालायची. मग इस्त्री. शेगडीवर तीन-चार इस्त्र्या एकदम तापत ठेवायच्या, हातातली निवली की दुसरी घ्यायची. शनिवारी घड्या पाटीत रचून पोचवायच्या आणि दारात उभं राहून पैशांची वाट बघायची. बाईसाहेब म्हणतात, “पुढच्या आठवड्यात दोन्हीचे एकदम देते.” तुम्ही मान डोलावता. एकटी धुणंवाली बोलली तर तिची पाटी दुसरीच्या डोक्यावर जाते. एकटी नसली तर गोष्ट वेगळी. १८८१ साली अटलांटात वीस धुणंवाल्यांनी संप सुरू केला आणि काही आठवड्यांत तो तीन हजारजणींचा झाला. तेव्हा त्यांची महिन्याची कमाई होती चार ते आठ डॉलर.

आज मात्र तुम्ही वाट वाकडी केली आहे. जॅक्सन वॉर्ड ही रिचमंडमधल्या काळ्या लोकांची वस्ती. तिथे सेंट जेम्स रस्त्यावर सेंट ल्यूक हॉलपुढे रांग लागली आहे, आणि रिकामी पाटी कमरेवर टेकवून तुम्ही त्या रांगेत उभ्या आहात. पुढे तंबाखूच्या कारखान्यातल्या दोघी. पानाचे देठ काढून काढून त्यांच्या अंगालाच तो उग्र वास लागला आहे. निपाणीकडच्या वाचकाला तो सांगायला नको. मागे एक स्वयंपाकीण, एक शिक्षिका, चर्चची टोपी घातलेले एक गृहस्थ. तुमच्या रुमालाच्या टोकाला गाठ आहे. पदर असता तर पदराला मारली असती. गाठीत पंचवीस सेंटचं एक नाणं, पाचाचं एक आणि सुटा एक सेंट. एकूण एकतीस.

“पुन्हा बँक!” रांगेतली एक म्हातारी म्हणते. तुम्हाला उद्देशून नाही, अशीच, हवेला. मग झग्याच्या आतून ती एक दुमडलेली, कडा झिजलेली पासबुक काढते. कोणाला दाखवावी म्हणून नाही. आहे का, हे बघण्यासाठी.

ती पासबुक फ्रीडमन्स बँकेची. १८६५ साली, यादवी युद्ध संपता संपता, नुकत्याच सुटलेल्या गुलामांनी बचत करावी म्हणून ही बँक सरकारी सनदेने निघाली. पैशांमागे वॉशिंग्टनचं सरकार उभं आहे असं लोकांना वाटायचं, आणि तसं वाटू दिलंही जायचं. वरच्या मंडळींनी ठेवी जोखमीच्या कर्जांत घातल्या. अखेरच्या काही महिन्यांत काळ्या लोकांचे नामवंत नेते फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्ष करून आणलं. त्यांनी पदरचे दहा हजार डॉलर घातले, तरी १८७४च्या जूनमध्ये बँक बंद पडली. ६१ हजारांवर खातेदार, जवळपास ३० लाख डॉलर. काहींना तुकड्या-तुकड्याने थोडे मिळाले, पुष्कळांना काहीच नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी, १८७३ला, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून सोडवलं, त्यांना ती अर्पण केली. ती अर्पणपत्रिका आपण अभिमानाने सांगतो, सांगावीच. मला मात्र ती वाचताना ही पासबुक आठवते. सावकाराची वही शेतकऱ्याला कशी गिळते हे ज्यांनी इतकं नेमकं लिहिलं, त्यांच्या हाती ही वही पडायला हवी होती.

रांग सरकते. म्हातारी जात नाही, तीही सरकते.

आत टेबलामागे एक तरुण मुलगी बसली आहे. काळी, मनगटापर्यंत बाह्यांचा पांढरा ब्लाऊज, आणि बोटाला शाई. बोटाला शाई लागलेली, स्वतःच्या रंगाची मुलगी तुम्ही याआधी शाळेबाहेर पाहिलेली नाही. ती वर न बघता विचारते, “नाव?” तुम्ही पहिलं नाव सांगता, कारण सगळीकडे तेवढंच विचारतात. गोऱ्यांच्या घरी पाच वर्षांचं पोरही तुम्हाला नुसत्या नावाने हाक मारतं. फार आदर दाखवायचा झाला तर ‘आंटी’.

मुलगी आता वर बघते. “नावाआधी काय लिहू? मिस की मिसेस?”

तुम्हाला पटकन उत्तर सुचत नाही. विधवा आहात, पण हा प्रश्न रिचमंडमध्ये तुम्हाला कोणी विचारलेलाच नाही. “मिसेस,” तुम्ही म्हणता. ती लिहिते. गाठ सोडून तीन नाणी टेबलावर ठेवता. ती मोजते, पुन्हा मोजते, वहीत मांडते. एकतीस सेंट. शंभराच्या वर भरणारे मागे उभे आहेत, पण तिचा मोजायचा वेग तुमच्यासाठी बदलत नाही.

संध्याकाळपर्यंत सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँकेत २८० ठेवी जमल्या होत्या. आठ हजार डॉलरवर रक्कम, शिवाय १,२४७ डॉलरचे भाग विकले गेले. एकूण ९,३४०.४४. त्यातली सर्वांत लहान म्हणून लक्षात राहिलेली ठेव म्हणजे ही एकतीस सेंटची.

आणि ती पलीकडच्या टोकाला उभी असलेली, भारदस्त बांध्याची, कडक पोशाखातली बाई? त्या मॅगी लीना वॉकर, बँकेच्या अध्यक्ष. अमेरिकेत बँकेची सनद मिळवून तिचं अध्यक्षपद सांभाळणारी ही पहिली काळी स्त्री. तुमच्या कमरेवरच्या पाटीकडे त्यांची नजर जाते आणि क्षणभर तिथेच थांबते. त्यांना ती पाटी चांगली माहीत आहे. मॅगी लहान असताना त्यांचे सावत्र वडील जेम्स नदीत मृतावस्थेत सापडले. सरकारी कागदाने आत्महत्या म्हटलं, घरच्यांनी ते कधी मानलं नाही. आईने लोकांची धुणी घ्यायला सुरुवात केली आणि मॅगी पाटी डोक्यावर घेऊन घरोघर पोचवू लागल्या. पुढे त्या शिक्षिका झाल्या, लग्न झालं म्हणून १८८६ला नोकरी सोडावी लागली. पण चौदाव्या वर्षी त्या ज्या संघात शिरल्या होत्या तो सुटला नाही: इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ सेंट ल्यूक.

हा संघ मूळचा बाल्टिमोरचा. मेरी प्राउट नावाच्या स्वतंत्र काळ्या शिक्षिकेने १८६७ साली बायकांसाठी काढलेला. काम दोनच: आजारपणात पैसे आणि मेल्यावर नीट दफन. दर आठवड्याला काही सेंट भरायचे. आपल्याकडची भिशी डोळ्यांपुढे आणा, पण पैसे पाळीने फिरत नाहीत, ज्या घरी आजार शिरतो त्या घरी जातात. दफनाचं एवढं काय, असं वाटेल. पण पैसा नसेल तर शहराची गाडी येऊन प्रेत नेते आणि बेवारस जागेत पुरते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चादरींना खळ घातलेल्या बाईला स्वतःच्या अंगावर एक स्वच्छ चादर हवी असते.

१८९९ साली वॉकरबाईंनी संघाची सूत्रं हाती घेतली तेव्हा तिजोरीत ३१ डॉलर ६१ सेंट होते आणि देणं त्याच्या कितीतरी पट. आधीच्या सचिवांना वर्षाला तीनशे डॉलर मिळत. त्या शंभरावर तयार झाल्या. दोन वर्षांनी, १९०१च्या अधिवेशनात, त्यांनी सरळ मांडलं की आपल्याला बँक हवी, वर्तमानपत्र हवं, कारखाना हवा, दुकान हवं. आपले पैसे गोऱ्यांच्या पेढ्यांत पडतात, आणि त्यातून कर्ज घ्यायला आपण गेलो की दार बंद. ते पैसे आपल्यातच फिरू देत, व्याजही आपल्यातच राहू दे. मग गोऱ्यांच्या एका बँकेत काही महिने बसून त्यांनी धंद्याची रीत शिकून घेतली. मला या सगळ्यात हीच गोष्ट जास्त आवडते. भाषण करणारे पुष्कळ असतात. भाषणानंतर खतावणी शिकायला जाणारे थोडे.

आता चार वर्षं पुढे या. हिवाळा आहे, तुम्हाला छातीत कफ धरला आहे आणि तीन आठवडे धुणं बंद. खिडकीच्या फटीला चिंध्या कोंबल्या आहेत. दार वाजतं. संघाच्या दोघी. एकीच्या हातात झाकलेलं भांडं, दुसरीच्या हातात वही.

“किती दिवस झाले गं?”

“वीस.”

“डॉक्टर?”

“आला होता. पैसे नंतर देते म्हटलं.”

वहीवाली लिहून घेते, पाकीट उशीजवळ ठेवते, सही मागते. तुम्हाला लिहिता येत नाही. तुम्ही फुली मारता, ती शेजारी नाव घालते. या बायका काही देवदूत नाहीत, हे लगेच सांगितलेलं बरं. जाताना एक जण चुलीजवळची बाटली उचलून वास घेते. औषधच आहे, याची खात्री करून ठेवते. आणि हप्ते थकलेले असते तर त्या आल्याच नसत्या. ज्या बाईची कमाई सगळ्यात आधी बंद पडते, तिचाच हप्ता सगळ्यात आधी चुकतो. परस्पर मदतीच्या प्रत्येक संघाला ही भोक पडलेली बाजू आहे.

ही चौकशी जुनी आहे. १७८७ साली फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स यांनी फ्री आफ्रिकन सोसायटी काढली. महिन्याला एक शिलिंग भरायचा. वर्षभराने, गरज पडली तर आठवड्याला तीन शिलिंग नऊ पेन्स मिळत, पण ती वेळ स्वतःच्या बेफिकिरीने आलेली नसली पाहिजे, अशी अट. मॅसॅच्युसेट्सच्या सेलम गावात १८१८ला काळ्या बायकांनी काढलेल्या मंडळाची वर्गणी वर्षाला ५२ सेंट होती, म्हणजे आठवड्याला एक. एकमेकींवर मायेने नजर ठेवायची, चुकलं तर समजावायचं, हेही नियमांत होतं. १८२१ला फिलाडेल्फियातल्या सुमारे दोनशे कष्टकरी बायकांनी ‘डॉटर्स ऑफ आफ्रिका’ मंडळ काढलं. अमुक बहीण आजारी आहे, तिला इतके पैसे द्यावेत, अशा खजिनदाराच्या नावच्या चिठ्ठ्यांची त्यांची वही टिकून आहे. १८३८च्या सुमारास त्या एका शहरात असे शंभरावर संघ होते आणि त्यातले निम्म्याहून अधिक बायकांचे. म्हणजे वॉकरबाई कुठल्या ओसाड माळावर उगवल्या नव्हत्या.

तरीही या नजरेत आणि मागच्या दाराशी बाईसाहेबांच्या नजरेत फरक आहे. आज जी तुमची बाटली हुंगते, तिच्या घरी पुढच्या महिन्यात तुम्हीच वही घेऊन जाणार आहात.

रिचमंड सोडायच्या आधी एका घरात डोकवा. संघ मुलांना पुठ्ठ्याच्या छोट्या पेट्या देतो. पेटीत एक डॉलर जमला की पोराने ती घेऊन बँकेत यायचं आणि स्वतःच्या नावाचं खातं उघडायचं. तुमच्या मुलीने पेटी खिडकीत ठेवली आहे आणि दिवसातून चारदा ती हलवून बघते. नाणी दोनच आहेत, पण आवाज चांगला येतो. १९२० पर्यंत याच बँकेच्या कर्जावर सहाशेहून जास्त घरं काळ्या कुटुंबांच्या नावावर झाली. ब्रॉड स्ट्रीटवरचं दुकान मात्र, जिथे काळ्या मुली विक्रीला उभ्या राहिल्या, ते गोऱ्या व्यापाऱ्यांच्या विरोधापुढे १९१२ला बंद पडलं. मंदीच्या तोंडावर वॉकरबाईंनी आपली बँक दुसऱ्या काळ्या बँकांबरोबर एकत्र केली आणि ती तगली. १९३४च्या डिसेंबरात त्या गेल्या. शेवटची वर्षं चाकाच्या खुर्चीत काढली. ईस्ट ली स्ट्रीटवरच्या घरात त्यासाठी लिफ्ट बसवून घेतली होती.

आता एकदम १९६३. लॉस एंजेलिस, वॉट्स, सरकारी घरांची वसाहत. हात अजून इस्त्रीचेच आहेत, फक्त इस्त्री विजेची. तुमच्या शेजारी राहणाऱ्या जॉनी टिलमन लाँड्रीत शर्टांना इस्त्री करायच्या, तिथल्या युनियनचं कामही बघायच्या. मूळच्या आर्कान्सासच्या, सहा मुलांची आई. आजारपणाने काम सुटलं आणि त्यांना सरकारी मदतीचा अर्ज करावा लागला. तुम्हीही केला आहे. धनादेश येतो, पण त्याच्या मागोमाग तपासनीस येतो. फ्रिज उघडतो. कपाट उघडतो. पलंगाखाली वाकतो. हे बूट कोणाचे? हा टीव्ही कोणी दिला? मदत घेणाऱ्या आईच्या घरात पुरुषाचा वावर दिसला की मुलांचे पैसे बंद, असे नियम बऱ्याच राज्यांत होते. अलाबामाचा तसा नियम सुप्रीम कोर्टाने १९६८ला रद्द केला. कॅलिफोर्नियातच, ओकलंडकडे, भल्या पहाटे घरं तपासायची मोहीम निघाली तेव्हा एका अंध समाजसेवकाने त्यात जायला नकार दिला आणि नोकरी गमावली.

टिलमनबाईंनी वसाहतीतल्या आयांना जमवलं. आपण कशाला लपून राहायचं, आपल्याला काय मिळायला हवं ते आपणच वाचून काढू, एकमेकींना सांगू, कचेरीत एकटीने जायचं नाही. रिचमंडची वही घेऊन येणारी बाई तुम्हाला इथे आठवेल. पुढे मदत घेणाऱ्या अशा आयांच्या देशभरच्या संघटनेचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं. १९७२च्या एका लेखात त्यांनी लिहिलं की या मदतीत एका पुरुषाच्या जागी सरकार नावाचा पुरुष घरात येतो, आणि त्याला सोडचिठ्ठी देता येत नाही. त्यांची मागणी साधी होती: गरज असेल त्या प्रत्येकाला पुरेसे पैसे, आणि चौकशी नको.

ती मागणी मान्य झाली नाही. इथे फार थांबत नाही.

शेवटचा टप्पा. २०१८ सालची अखेर, जॅक्सन, मिसिसिपी. अनुदानित घरांमधलं एक घर, खाली सोफा, वर दोन खोल्या. तुमचं वर्षाचं उत्पन्न बारा हजार डॉलरच्या आत. राज्याची रोख मदत तीन माणसांच्या कुटुंबाला जास्तीत जास्त १७० डॉलर महिना, तीही हजार अटी घालून. (त्याच निधीतले कोट्यवधी डॉलर भलतीकडे वळवले गेल्याचं २०२०ला राज्याच्या लेखापरीक्षकांनी बाहेर काढलं. पन्नास लाख एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉलच्या इमारतीकडे गेले होते. बायकांच्या पलंगाखाली वाकणाऱ्या व्यवस्थेला ती इमारत कशी दिसली नाही, कोण जाणे.)

आयशा न्यांडोरो अशा अनुदानित घरांमधल्या कुटुंबांसाठी काम करणारी संस्था चालवतात. त्यांनी इथल्या बायकांना विचारलं, तुम्हाला काय हवंय? बायकांनी सांगितलं, पैसे. असा ‘मॅग्नोलिया मदर्स ट्रस्ट’ सुरू झाला: वीस काळ्या आया, दर महिन्याला हजार डॉलर, बारा महिने, एकही अट नाही. पुढे वर्षागणिक नव्या तुकड्या आल्या आणि आकडा शंभरावर गेला. पैसा देणगीदारांचा, रुमालाच्या गाठीतला नाही. त्यामुळे याला सेंट ल्यूकची लेक म्हणवत नाही, फार तर भाची. बाटली कोणी हुंगत नाही, हे बरंच झालं. पण वही घेऊन दुसरीच्या घरी जायची तुमची पाळीही येत नाही.

पहिल्या महिन्याचे पैसे खात्यात येतात. तुम्ही दोनदा बघता. यात काहीतरी फसवणूक असणार, अशी पाल मनात चुकचुकते. चार दिवस हात लावत नाही. मग विजेचं थकलेलं बिल भरता, गाडीचा टायर बदलता, मुलीला बूट घेता. बुटाच्या रिकाम्या खोक्यात तिन्ही पावत्या टाकता आणि खोकं फ्रिजवर ठेवता. उद्या कोणी विचारलं तर दाखवता आल्या पाहिजेत. दुसऱ्या महिन्यात खोक्यात किराणा, औषधं आणि केस विंचरून घेतल्याची पावती पडते. त्या शेवटच्या पावतीवर तुम्ही आधी विचार करता, मग टाकता. दार वाजलं की तुमची नजर खोक्याकडे जाते. पार्सलवाला असतो. शेजारीण असते. एकदा चुकून आलेलं पिझ्झावालं पोर.

तिसऱ्या महिन्यात मुलगी खुर्चीवर चढून खोकं खाली काढते. “आई, शाळेच्या प्रोजेक्टला लागतंय. या पावत्या टाकून देऊ?”

“नको,” तुम्ही म्हणता. “राहू दे अजून थोडे दिवस.”